इंग्लंडमधली जुनी मृत्युपत्रं आणि प्रोबेटच्या नोंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाचे खापरपणजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी मुंबईत आलेले इंग्रज, कुणाची सून यॉर्कशायरची, कुणी स्वतःच दोन पिढ्या लंडनात. घराण्याचा शोध घेताना अशा सगळ्यांची गाडी कधी ना कधी मृत्युपत्रापाशी येऊन थांबते, आणि मग पत्रं सुरू होतात. तेच तेच विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडसाठी प्रश्न १४ बघा.

१. मृत्युपत्र आणि प्रोबेट एकच ना?

नाही. मृत्युपत्र माणूस जिवंतपणी करतो. तो गेल्यावर कोर्ट ते तपासून 'हे खरं आहे आणि या एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेल्या माणसाने) त्याप्रमाणे वाटणी करावी' असा अधिकार देतं, ते प्रोबेट. मृत्युपत्रच नसेल तर कोर्ट जवळच्या नातेवाइकाला, आणि कधीकधी चक्क सावकाराला, मालमत्तेचा कारभार बघायचा अधिकार देतं. त्याला लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात आणि जुन्या याद्यांत ते 'ॲडमॉन' असं लिहिलेलं असतं.

म्हणून शोधताना 'मृत्युपत्र आहे का' एवढंच विचारू नका. ॲडमॉन, घरातल्या वस्तूंची यादी, जामीनखत, एक्झिक्युटरने दिलेला हिशेब ही सगळी एकाच कुटुंबातली कागदपत्रं आहेत आणि बऱ्याचदा ती वेगवेगळ्या गठ्ठ्यांत ठेवलेली असतात.

२. माझ्याकडे फक्त नाव आणि मृत्यूचं अंदाजे साल आहे. सुरुवात कुठून करू?

एक तारीख पाठ करा: १२ जानेवारी १८५८. त्या दिवसापासून प्रोबेटचं काम चर्चच्या कोर्टांकडून सरकारकडे आलं. त्यानंतरच्या प्रत्येक प्रोबेटची नोंद देशभराच्या एकाच यादीत आहे. त्याआधीच्या नोंदी शेकडो चर्च-कोर्टांत विखुरलेल्या आहेत.

तुमचा माणूस या तारखेच्या अलीकडचा असेल तर प्रश्न ३ ते ५, पलीकडचा असेल तर प्रश्न ६ पासून पुढे वाचा. आणखी एक लक्षात ठेवा. नोंद मृत्यूच्या तारखेला नसते, प्रोबेट मिळालं त्या तारखेला असते. १८५७च्या डिसेंबरात वारलेल्या माणसाचं प्रोबेट नव्या यादीत असू शकतं.

३. १८५८ नंतरचं मृत्युपत्र कसं शोधायचं आणि मागवायचं?

नॅशनल प्रोबेट कॅलेंडर ही दरवर्षी छापलेली यादी, त्या वर्षी प्रोबेट मिळालेल्यांची, आडनावाच्या क्रमाने. ती ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या मोफत बघता येते. तिथेच शुल्क भरून मृत्युपत्राची प्रत मागवता येते आणि ती डिजिटल स्वरूपात मिळते. शुल्क गेल्या काही वर्षांत बदलत गेलं आहे, म्हणून आकडा इथे देत नाही. मागवायच्या दिवशी तिथेच बघा.

१८५८ ते १८७० या वर्षांत एक फसगत हमखास होते. त्या काळात मृत्युपत्रं एका भागात आणि ॲडमॉन दुसऱ्या भागात छापत. एक भाग चाळून 'नाही' म्हणत पुस्तक मिटलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. दोन्ही भाग बघा.

सैनिकांसाठी त्याच सेवेत वेगळा शोध आहे. १८५० ते १९८६ या काळात नोकरीत असताना वारलेल्या सैनिकांची मृत्युपत्रं तिथे मिळतात.

४. कॅलेंडरमधली नोंद मिळाली. आता मूळ मृत्युपत्र मागवायची गरज आहे का?

आहे. एकोणिसाव्या शतकातली नोंद बरंच सांगते हे खरं: माणूस कुठला, धंदा काय, कुठे आणि कधी वारला, प्रोबेट कुणी घेतलं आणि त्याचं मृताशी नातं काय. 'रेलिक्ट' म्हणजे विधवा, हा शब्द तिथे सारखा भेटेल. पण १८९२च्या सुमारास नोंदी आखूड झाल्या आणि नातं बहुतेक वेळा गळलं.

नोंदीत नसतं ते घर. लग्न झालेल्या मुलींची नवी आडनावं, नातवंडं, ऑस्ट्रेलियाला गेलेला भाऊ, 'माझ्याकडून आधीच पैसे घेतलेला' मुलगा, ही माणसं फक्त मृत्युपत्रातच भेटतात. मुलीचं सासरचं आडनाव एकदा हाती लागलं की वंशावळीची एक आख्खी फांदी उघडते.

५. नोंदीत 'इफेक्ट्स अंडर १०० पाउंड' लिहिलंय. म्हणजे माझे पूर्वज गरीब होते?

तसा निष्कर्ष काढू नका. सुरुवातीच्या दशकांत नेमका आकडा देत नसत. १००च्या आत, २००च्या आत अशा टप्प्यांत मांडत. शिवाय १८९८च्या आधी या रकमेत जमीनजुमला धरलेलाच नसे. चार घरांचा मालकसुद्धा '१०० पाउंडांच्या आत' दिसू शकतो. शेजारी 'रिस्वॉर्न' असा शेरा असेल तर रक्कम नंतर दुरुस्त करून पुन्हा शपथेवर सांगितली आहे. तो दुसरा आकडा धरा.

६. १८५८ आधीचं शोधायचंय. नेमकं कुठलं कोर्ट हे कसं कळणार?

सगळ्यात जास्त पत्रं या प्रश्नाची येतात, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा प्रश्नही हाच आहे. माणूस कुठे राहत होता आणि त्याची मालमत्ता कुठे कुठे होती, यावर कोर्ट ठरत असे.

चर्चची उतरंड अशी: सगळ्यात वर आर्चबिशप, त्याखाली बिशप, त्याखाली आर्चडीकन, आणि आर्चडीकनची हद्द म्हणजे आर्चडीकनरी. खालून वर जाऊ. एका आर्चडीकनच्या हद्दीतच सगळं असेल तर त्याचं कोर्ट. मालमत्ता दोन आर्चडीकनरींत पण एकाच बिशपच्या हद्दीत असेल तर बिशपचं कोर्ट. दोन बिशपांच्या हद्दींत पाच पाउंडांवर मालमत्ता असेल तर आर्चबिशपचं. आर्चबिशप दोन: उत्तरेला यॉर्क, बाकी इंग्लंड आणि वेल्सला कँटरबरी. दोन्हीकडे मालमत्ता असेल तर कँटरबरी वरचढ. यात भर म्हणजे 'पेक्युलियर' नावाची बेटं. एखादंच गाव, पण बिशपच्या हाताबाहेरचं आणि स्वतःचं कोर्ट असलेलं.

या हद्दी काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) हद्दींशी जुळत नाहीत. लँकेशायरच घ्या. रिबल नदीच्या दक्षिणेचा भाग चेस्टरच्या कोर्टाकडे, उत्तरेचा रिचमंडच्या आर्चडीकनरीकडे. नदीच्या दोन काठांवरच्या भावांची मृत्युपत्रं दोन वेगळ्या कोर्टांत गेली. म्हणून आधी गावाचा पॅरिश (एका चर्चच्या हाताखालचा मुलूख) शोधा आणि तो कुठल्या कोर्टाखाली होता ते बघा. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर काउंटीवार माहिती मोफत आहे.

कागद आज कुठे आहेत? कँटरबरीचे लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, यॉर्कचे यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये, वेल्सचे ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि खालच्या कोर्टांचे बहुतेक त्या त्या काउंटीच्या अभिलेखागारात.

एक अपवाद काम सोपं करतो. १६५३ ते १६६० या काळात, राजा नसताना, चर्चची कोर्टं बंद होती आणि सगळ्या देशाचं प्रोबेट लंडनमधूनच होई. त्या वर्षांतला माणूस कुठल्याही गावचा असो, क्यूमध्येच शोधा.

७. कँटरबरीच्या कोर्टात फक्त श्रीमंतांचीच मृत्युपत्रं असतात ना?

हा समज इतका पक्का आहे की लोक तिथे बघतच नाहीत. मोठ्या जमीनदारांचा भरणा तिथे होता हे खरं. पण समुद्रावर किंवा परदेशात वारलेल्या माणसाचं इंग्लंडात काही असेल तर ते याच कोर्टात येई. त्यामुळे साधे खलाशी तिथे भरपूर भेटतात. पाच पाउंडांची मर्यादा शतकानुशतकं तीच राहिली आणि महागाई वाढत गेली, तेव्हा छोटे दुकानदारही या कोर्टाच्या कक्षेत आले. एकोणिसाव्या शतकात बँक ऑफ इंग्लंड आपल्या रोख्यांसाठी याच कोर्टाचं प्रोबेट मागू लागली, त्यानेही गर्दी वाढली.

१३८४ ते १८५८ पर्यंतची दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं 'पीआरओबी ११' या मालिकेत आहेत आणि त्यांची नावांची सूची ऑनलाइन आहे. तुमचा माणूस गरीब असला तरी इथे एकदा नाव टाकून बघाच.

८. सगळीकडे पाहिलं, सापडलंच नाही. म्हणजे मृत्युपत्र नव्हतंच?

असू शकतं. बहुसंख्य लोकांनी ते केलंच नव्हतं. पण हात टेकण्याआधी एवढं करा. मृत्यूनंतरची निदान दहा वर्षं चाळा. विधवा जिवंत असेपर्यंत घर तसंच चालत राही आणि ती गेल्यावर कुणीतरी दोघांचंही प्रोबेट एकदम घेई. आडनावाची स्पेलिंगं उलटसुलट करून बघा. वरच्या कोर्टात बघा.

आणि मग माणूस सोडून त्याच्या भोवतालची माणसं शोधा: लग्न न झालेली आत्या, मूलबाळ नसलेला काका, विधवा बहीण. ज्याला स्वतःची मुलं नाहीत तो पुतण्या-भाच्यांची नावं एकेक करून लिहितो. माझ्या अनुभवात वंशावळीचे सगळ्यात घट्ट धागे अशाच मृत्युपत्रांतून मिळाले आहेत.

९. डेव्हनची मृत्युपत्रं जळाली असं सांगतात. मग काहीच उरलं नाही?

मे १९४२मध्ये एक्झिटरवर बॉम्ब पडले. तिथल्या प्रोबेट रजिस्ट्रीबरोबर डेव्हनची आणि तिथेच आणून ठेवलेली सॉमरसेटची जुनी मृत्युपत्रं गेली. हे नुकसान मोठं आहे, पण वाटा आहेत. करखात्याने १८१२ ते १८५७ या काळात स्वतःसाठी उतरवून घेतलेल्या प्रती या भागासाठी जपल्या गेल्या आणि आज स्थानिक अभिलेखागारांत आहेत. आग लागण्याआधी अभ्यासकांनी केलेली टिपणंही कामाला येतात. आणि ज्यांचं प्रोबेट कँटरबरीच्या कोर्टात झालं (प्रश्न ७) त्यांना आगीची झळ लागलीच नाही.

याच करखात्याची वारसा-कराची रजिस्टरं, १७९६ ते १९०३, 'आयआर २६' या मालिकेत क्यूला आहेत. ती साऱ्या देशासाठी उपयोगी आहेत. मृत्युपत्र काय वाटायचं ते सांगतं, रजिस्टर प्रत्यक्ष कुणाला किती मिळालं ते सांगतं. कारकून समासात नंतरची माहितीही टिपून ठेवत. मूळ कोर्ट कुठलं हेही तिथे लिहिलेलं असतं, त्यामुळे प्रश्न ६चं उत्तर कधीकधी इथून उलटं मिळतं.

१०. प्रत आली, पण एक अक्षर लागत नाही. ही इंग्रजीच आहे का?

इंग्रजीच आहे, लिपीचं वळण वेगळं आहे. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. पहिल्या दिवशी नुसत्या रेघा दिसतात आणि आठव्या दिवशी माणूस बोलू लागतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या 'सेक्रेटरी हँड' वळणात 'ई' उलटी वळलेली असते, 'सी' आजच्या 'आर'सारखी दिसते, 'एच'चं शेपूट ओळीखाली लोंबतं आणि मोठ्या 'एफ'ऐवजी दोन छोटे 'एफ' जोडून लिहितात.

मजकूर ठरावीक साच्यातला असतो, हे तुमचं सगळ्यात मोठं बळ. सुरुवातीला 'देवाच्या नावाने, आमेन', मग नाव, गाव, धंदा, मग 'शरीराने आजारी पण स्मरणाने धड', मग आत्मा देवाला आणि देह मातीला. पुढे प्रत्येक देणगीआधी 'आयटेम' हा शब्द ठळक काढलेला. आधी 'आयटेम' शोधा, प्रत्येकाच्या पुढे एक माणूस उभा आहे. साच्यातल्या ओळखीच्या शब्दांवरून त्या लेखनिकाची अक्षरं जमवा आणि मग नावांना हात घाला.

रकमा रोमन आकड्यांत आणि शेवटचा 'आय' लांब 'जे'सारखा. एका पाउंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगाचे १२ पेन्स. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा ज्यांनी आजोबांकडून ऐकलाय त्यांना हिशेब जड जाऊ नये. शेवटचा प्रोबेटचा परिच्छेद १७३३पर्यंत बहुधा लॅटिनमध्ये असतो. त्यात फक्त तारीख आणि एक्झिक्युटरचं नाव बघायचं.

११. प्रोबेटची तारीख मृत्युपत्राच्या आधीची दिसतेय! नक्कल करताना चूक झाली का?

बहुतेक वेळा चूक नसते. १७५२पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १० नोव्हेंबर १७०२ला केलेल्या मृत्युपत्राचं प्रोबेट १५ फेब्रुवारी १७०२ला झालेलं दिसतं. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७०३चा. अशी तारीख '१७०२/३' अशी दोन्ही सालांसह टिपून ठेवा, म्हणजे पुढे वाचणारा गोंधळणार नाही.

१२. मृत्युपत्रात थोरल्या मुलाचं नावच नाही आणि बायकोला जवळजवळ काहीच नाही. घरात भांडण होतं का?

घाईने तसं ठरवू नका. मृत्युपत्रात सगळी मालमत्ता यायलाच हवी असं नव्हतं. जमीन थोरल्याकडे वारसाहक्काने आपोआप जाई, मग ती लिहायची कशाला? दुसऱ्या मुलाला धंदा काढून दिलेला असे, मुलीला लग्नात हिस्सा पोचलेला असे. बायकोचा हक्कही अनेकदा रूढीने किंवा लग्नाच्या करारानेच ठरलेला असे. विल्यम शेक्सपियरच्या मृत्युपत्रात (२५ मार्च १६१६, प्रोबेट त्याच वर्षी २२ जूनला कँटरबरीच्या कोर्टात) पत्नीसाठी 'दोन नंबरचा उत्तम पलंग' एवढंच, तेही दोन ओळींच्या मध्ये नंतर घुसवलेलं. त्यावरून त्यांच्या संसाराबद्दल अभ्यासक आजही वाद घालतात. कागद मात्र तेवढं सांगत नाही.

नात्यांचे शब्दही जपून वाचा. 'कझिन' म्हणजे पुतण्या-भाचीही, 'ब्रदर' म्हणजे मेहुणाही. 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा, 'मदर-इन-लॉ' म्हणजे सासू किंवा सावत्र आई. आपल्याकडे काका-मामा-मावसा असे वेगळे शब्द आहेत, म्हणून आपण ठकतो. एक शब्द म्हणजे एक नातं असं आपण नकळत धरून चालतो.

१३. पूर्वीच्या बायकांची मृत्युपत्रं मिळतात का?

विधवांची आणि अविवाहितांची भरपूर मिळतात, आणि ती वाचनीय असतात. कुठला झगा कुठल्या भाचीला, इतक्या बारकाईने लिहिलेली. नवरा जिवंत असलेल्या बाईला मात्र त्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. तिची मालमत्ता कायद्याने त्याचीच होती. १८८२चा कायदा १ जानेवारी १८८३पासून लागू झाला तेव्हा हे बदललं. त्याआधीच्या पणजीचं नाव सापडत नसेल तर ती नवऱ्याआधी गेली होती का, हे आधी तपासा.

१४. स्कॉटलंड आणि आयर्लंडचं काय?

दोन्हींचे कायदे आणि कोर्टं वेगळी. स्कॉटलंडच्या नोंदी एडिंबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. आयर्लंडची बहुतेक मूळ मृत्युपत्रं १९२२मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेली. तिथे सूची आणि उताऱ्यांवरच भिस्त.

१५. आमचे पूर्वज मुंबईत किंवा पुण्यात वारलेले इंग्रज. शोध इंग्लंडात घ्यायचा की इथे?

दोन्हीकडे. १७२८पासून मुंबईच्या मेयर्स कोर्टाकडे हे काम होतं. नंतर रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४पासून सुप्रीम कोर्ट आणि १८६२पासून हायकोर्ट. इथे झालेल्या प्रोबेटच्या नकला लंडनला ईस्ट इंडिया कंपनीकडे, आणि १८५८पासून इंडिया ऑफिसकडे (भारताचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याकडे) जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत 'एल/एजी/३४/२९' या मालिकेत आहेत, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा वेगळ्या आणि १९४८पर्यंतच्या. शेजारच्या 'एल/एजी/३४/२७'मध्ये मृताच्या सामानाच्या याद्या आहेत.

त्याच माणसाचा इंग्लंडात पैसा असेल तर तिथेही वेगळं प्रोबेट व्हायचं: १८५८ आधी कँटरबरीच्या कोर्टात, नंतर कॅलेंडरमध्ये. तिथे मृत्यूचं ठिकाण म्हणून 'पूना, ईस्ट इंडीज' अशी नोंद असू शकते. गावाचं स्पेलिंग त्या काळच्या इंग्रजी धाटणीने टाका: किर्की, टॅना, बॅसीन.

१६. घरातल्या वस्तूंची यादी मिळते असं वाचलं. ती कशी शोधायची?

१५२९च्या कायद्यापासून एक्झिक्युटरला मृताच्या सामानाची यादी द्यावी लागे. शेजारपाजारचे दोन-चार जण घरातून फिरत आणि किंमत लावत. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर ही चाल मागे पडली. यादी असेल तर ती चुकवू नका. त्यात खोल्या क्रमाने येतात: बैठकीचा हॉल, वरची खोली, दुधाची खोली, गोठा. पितळी भांडी किती, गादी पिसांची की पेंढ्याची, शेतात उभं पीक कोणतं, कुणाकडून येणं बाकी आहे, हे सगळं असतं. खालच्या कोर्टांत ती मृत्युपत्राबरोबरच बांधलेली असते. कँटरबरीच्या याद्या वेगळ्या मालिकांत ('पीआरओबी ४' आणि 'पीआरओबी ५') आहेत, म्हणून मृत्युपत्र डाउनलोड केलं की यादी आपोआप येत नाही.

१७. साक्षीदारांच्या सह्याच नाहीत. असं मृत्युपत्र चालायचं?

१८३८आधी जमिनीचा प्रश्न नसेल तर चालायचं. जेन ऑस्टिनने २७ एप्रिल १८१७ला स्वतःच्या हाताने काही ओळी लिहिल्या आणि जवळजवळ सगळं बहीण कसांड्राला दिलं. साक्षीदार एकही नाही. मग १० सप्टेंबरला दोन ओळखीच्यांनी 'हे अक्षर तिचंच' अशी शपथ घेतली आणि कँटरबरीच्या कोर्टाने प्रोबेट दिलं. १ जानेवारी १८३८पासून दोन साक्षीदार आणि वय २१ पूर्ण, हे नियम आले. त्याआधी १४ वर्षांचा मुलगा आणि १२ वर्षांची मुलगीही जंगम मालमत्तेचं मृत्युपत्र करू शके. आणि मरणशय्येवर तोंडी सांगितलेलं, ऐकणाऱ्यांनी नंतर लिहून काढलेलं 'नन्क्युपेटिव्ह' मृत्युपत्रही चाले.

१८. पणजोबांच्या मृत्युपत्रात आमच्या आजीला पैसे लिहिले होते, ते मिळालेच नाहीत. आता मागता येतील?

नाही, अशी आशा धरू नका. लाभार्थ्याला हक्क सांगायला साधारण १२ वर्षांची मुदत असते. बेवारस म्हणून सरकारजमा झालेल्या मालमत्तेवरही मृत्यूनंतर ३० वर्षांपलीकडे दावा घेत नाहीत. 'इंग्लंडातली तुमची इस्टेट पडून आहे, आधी फी भरा' अशी पत्रं आणि मेल येतात. ती फसवणूक असते. एक पैसाही देऊ नका.

१९. मला त्यांची खरी सही बघायची आहे. ऑनलाइन प्रतीतली सही त्यांचीच का?

बहुतेक वेळा नाही. 'पीआरओबी ११' हे कारकुनांनी रजिस्टरात उतरवलेल्या नकलांचं दालन आहे. तिथे सगळ्यांचं अक्षर एकच, कारकुनाचं. मूळ कागद 'पीआरओबी १०'मध्ये असतात आणि ते क्यूला आधी मागणी नोंदवून बघता येतात. खालच्या कोर्टांत मात्र मूळ कागद बऱ्याचदा सहज हाती येतो. लिहिता न येणाऱ्याने काढलेली खूणही जपून बघा. कुणी नुसती फुली मारली आहे, कुणी नावाचं पहिलं अक्षर कसंबसं गिरवलं आहे.

१८५८ नंतरची मूळ मृत्युपत्रं सरकारी साठवणीत आहेत. डिसेंबर २०२३मध्ये सरकारने प्रस्ताव मांडला की ती स्कॅन करावीत, २५ वर्षांनंतर कागद नष्ट करावेत आणि फक्त नामवंतांचे मूळ कागद ठेवावेत. इतिहास अभ्यासकांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि माझंही मन त्यांच्याच बाजूने आहे. शेतमजुराने थरथरत्या हाताने काढलेली फुली नामवंताच्या सहीइतकीच मोलाची आहे. तुमच्या पूर्वजाचा मूळ कागद बघायचा असेल तर मागणी लवकर नोंदवा आणि नकलेऐवजी मूळ कागदाची प्रतिमा मिळेल का, ते विचारून घ्या.